आत्याची साखर



या सदरात मी दर महिन्याला दवाखान्यातल्या गोष्टी सांगते. या वेळची गोष्ट मात्र घरची आहे. आत्याला विचारूनच लिहिते आहे. तिने दोन अटी घातल्या. पहिली, "माझं नाव घालू नकोस." दुसरी, "मला बिचारी करू नकोस." दोन्ही पाळते.

नवरात्रातली आठवी माळ होती. आमच्या बडोद्यात त्या दिवसांत रात्र संपतच नाही. गरबा खेळून मुलं पहाटे घरी येतात आणि मग सकाळी आठपर्यंत गल्लीत शुकशुकाट असतो. त्या पहाटे साडेपाचला आतेभावाचा फोन आला. "ताई, आई परत तसं करतेय. स्वयंपाकघरात उभी आहे, दुधाच्या पातेल्यात मिठाची बरणी रिकामी केली. हाक मारली तर माझ्याकडे अनोळख्यासारखी बघतेय."

"परत तसं" हे शब्द आमच्या घरात चार वर्षं चालू होते. सकाळी आत्याला उठवलं तर ती कधी कधी भलतंच बोलायची. एकदा दार उघडून गाऊनवरच रस्त्यावर गेली. एकदा झोपेतच हातपाय झडले, दातखीळ बसली. तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, मेंदूचा आलेख काढला, फारसं काही निघालं नाही, तरी फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या वाढत गेल्या, झटके थांबले नाहीत. वजन मात्र चार वर्षांत १४ किलोंनी वाढलं.

घरात प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. कुणी कांदा हुंगवला. वहिनीला वाटायचं, सासूबाई सकाळचं काम टाळतात. काकांना वाटायचं, हे म्हातारपणाचं विसरणं लवकर आलं. मी घरातली डॉक्टर. मला वाटायचं, फिटचं औषध नीट घेत नसेल. आत्या म्हणायची, "मला काही झालंच नव्हतं, तुम्हीच काहीतरी सांगता." तिला त्यातलं काही आठवतच नसे. पण आपल्याला वाटलं, ही नाटक करते.

सगळ्यात वाईट काय झालं ते सांगते. तिचा पाच वर्षांचा नातू. एके दिवशी ती त्याला बालवाडीत सोडायला स्कूटरवरून निघाली आणि दोन गल्ल्या पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध थांबली. पोराला तिथेच उतरवलं. सुदैवाने ओळखीच्या भाजीवाल्याने पाहिलं. त्या दिवसापासून स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि नातवाला तिच्याजवळ एकटं ठेवणं बंद झालं. कुणी तिला स्पष्ट सांगितलं नाही. फक्त पोराला दुपारी दुसऱ्या आजीकडे पाठवू लागले. तिला ते न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

त्या आठव्या माळेला मी पोचले तेव्हा आत्या खुर्चीवर बसली होती. कपाळ ओलं, डोळे उघडे, पण समोर बघत नव्हती. टेबलावर काकांचं साखर मोजायचं यंत्र पडलं होतं. काकांना दहा वर्षं मधुमेह आहे. इतकी वर्षं ते यंत्र त्याच टेबलावर होतं आणि आत्याच्या बोटाला ते एकदाही लागलं नव्हतं. तिला मधुमेह नव्हता ना, मग कशाला? त्या दिवशी, खरं सांगायचं तर दुसरं काही सुचलं नाही म्हणून, मी सुई टोचली.

आकडा आला ३४.

तिला गिळता येत होतं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. दहा-बारा मिनिटांनी तिने पदराने कपाळ पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तू कधी आलीस? चहा घेतलास का?"

मी चहा घेतला नाही. मी गॅलरीत जाऊन रडले.

तर मुलांनो, आता त्या ३४ आकड्यामागे काय होतं ते नीट समजून घेऊ.

आपल्या पोटात, जठराच्या मागे, आडवं पडलेलं स्वादुपिंड असतं. त्यात पेशींची छोटी छोटी बेटं असतात आणि त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. जेवलो की रक्तात साखर वाढते, इन्सुलिन सुटतं, साखर पेशींत जाते. उपाशी राहिलो की इन्सुलिन जवळजवळ बंद होतं आणि यकृत साठवलेली साखर हळूहळू रक्तात सोडतं. रात्रभर आपण काही खात नाही, तरी सकाळी धडधाकट उठतो, ते या व्यवस्थेमुळे. मेंदू मुख्यतः साखरेवर चालतो, म्हणून शरीर ही पातळी जिवापाड जपतं.

आता समजा, याच बीटा पेशींची एक बारीकशी गाठ झाली. तिला वेळकाळ कळत नाही. साखर जास्त असो वा कमी, ती इन्सुलिन सोडतच राहते. नळाचा वॉशर गेला की टाकी रिकामी होत आली तरी पाणी गळत राहतं, तसं. या गाठीला इन्सुलिनोमा म्हणतात. जास्तीचं इन्सुलिन यकृताचं साखर सोडणं थांबवतं, आणि पहाटे, सर्वांत लांब उपाशी वेळेनंतर, मेंदू उपाशी पडतो. घाम, धडधड, कापरं ही सुरुवातीची लक्षणं. साखर आणखी उतरली की गोंधळ, चिडचिड, दोन दोन दिसणं, बरळणं, आणि शेवटी झटका किंवा बेशुद्धी.

एक गोष्ट फार महत्त्वाची. साखर वारंवार उतरत राहिली की शरीराची धोक्याची घंटा मंद होते. घाम नाही, कापरं नाही, भूक नाही, एकदम गोंधळच. आत्याचं तेच झालं होतं. म्हणून ते साखरेचं आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. आणि वजन? नकळत तिला उमगलं होतं की मधे मधे काही खाल्लं की बरं वाटतं. तिच्या उशाशी नेहमी भाकरवडीचा डबा आणि गुळाचा खडा असायचा. आम्ही तिला खादाड म्हणून चिडवायचो. ती स्वतःचा इलाज करत होती.

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात तीन खुणा सांगितल्या, त्या आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतो. कमी साखरेची लक्षणं दिसणं, त्याच वेळी रक्तात साखर खरोखर कमी असणं, आणि साखर दिल्यावर लक्षणं जाणं. या तीनही एकत्र आल्या तरच पुढचा शोध घ्यायचा. मीही त्या पाठ केल्या होत्या. परीक्षेत मार्क मिळाले. घरी उपयोग झाला नाही.

पण तीन खुणा जुळल्या म्हणजे गाठच, असंही नाही. आम्ही तिला हार्मोनच्या तज्ज्ञांकडे नेलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात मधुमेहाच्या गोळ्या कोण घेतं?" काका घेतात. "त्यांची गोळी चुकून यांच्या पोटात जाते का?" आतेभाऊ चिडला. त्याला वाटलं, आमच्या घरावर आळ घेतात. पण प्रश्न अगदी रास्त होता. काकांच्या गोळ्या, आत्याच्या फिटच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं एकाच स्टीलच्या डब्यात होतं. अशी चूक घराघरांत होते. आपल्याकडे साखर उतरण्याचं सर्वांत मोठं कारण मधुमेहाची औषधं हेच आहे. गाठ फार दुर्मीळ, दहा लाखांत वर्षाला एक ते चार माणसांना होणारी. शिवाय यकृत किंवा मूत्रपिंड थकलं, कॉर्टिसोल कमी पडलं, तरी साखर उतरते. ते सगळं आधी तपासावं लागतं.

मग आली मुख्य परीक्षा. रुग्णालयात दाखल होऊन, देखरेखीखाली, ७२ तासांपर्यंत उपास. पाणी आणि साखर नसलेलं पेय चालतं, बाकी काही नाही. आत्याला हसू आलं. "बहात्तर तास? अगं, मी नऊ दिवस करते." मी म्हटलं, "आत्या, तुझ्या उपासात साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, केळं आणि दूध असतं. हा खरा उपास आहे." खरं म्हणजे तिच्या नवरात्राच्या उपासाने ती आतापर्यंत तरली होती. त्या वर्षी मात्र तिने रात्रीचं फराळाचं सोडलं होतं, आणि म्हणून आठवी माळ तशी गेली.

ठराविक वेळाने रक्त घ्यायचं, साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि लक्षणं दिसली की उपास थांबवायचा, पण थांबवण्याआधी त्याच क्षणाचं रक्त घ्यायचं. त्या रक्तात काय बघतात? साखर कमी असताना इन्सुलिन जवळजवळ शून्य असायला हवं. ते तसं नसेल, तर चोर सापडला. दुसरी तपासणी सी पेप्टाइडची. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा मोठ्या रेणूचे तुकडे होतात, एक इन्सुलिन आणि दुसरा सी पेप्टाइड. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये हा दुसरा तुकडा नसतो. म्हणजे दोन्ही वाढले असतील तर इन्सुलिन अंगातूनच येतंय हे नक्की. आणि काकांच्या गोळीसारख्या गोळ्याही दोन्ही वाढवतात, म्हणून त्या गोळ्यांचा अंश रक्तात आहे का, तेही त्याच वेळी बघतात.

या उपासात साधारण एक तृतीयांश रुग्णांची साखर पहिल्या १२ तासांतच उतरते आणि बहुतेकांची ४८ तासांत. आत्याने १४ तास काढले. तेव्हा ती नर्सला म्हणाली, "तू माझी सून ना? मग नातवाला का नेतेस?" खोलीत वहिनी उभी होती. साखर ३८ होती. रक्त घेतलं, शिरेतून ग्लुकोज दिलं, आत्या परत आली. काय बोलली ते तिला आठवलं नाही. वहिनीला आठवतं.

इथे हात जोडून सांगते. ही परीक्षा घरी करून बघू नका. "बघू या तरी किती उतरते" असं म्हणून कुणाला उपाशी ठेवू नका. आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन आधी काढायचा हट्टही धरू नका. आधी रक्ताने सिद्ध करायचं, मग गाठ शोधायची. उलटं केलं तर चित्रात काही दिसलं नाही म्हणून खरा आजार सुटतो, किंवा भलताच ठिपका दिसला म्हणून नको ते ऑपरेशन होतं.

गाठ शोधणं सोपं नाही. या गाठींपैकी दहातल्या नऊ २ सेंटीमीटरहून लहान असतात, म्हणजे वाटाण्यापासून सुपारीएवढ्या. आत्याच्या सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. आतेभावाचा धीर सुटला. पण रक्ताचा निकाल पक्का होता. मग तोंडातून नळी घालून जठराच्या आतून स्वादुपिंडाची सोनोग्राफी केली. जठर स्वादुपिंडाला अगदी खेटून असतं, त्यामुळे जवळून दिसतं. शेपटीकडच्या भागाच्या अलीकडे गाठ सापडली, १.४ सेंटीमीटर. एवढ्याशा वाटाण्याने चार वर्षं घर हलवलं होतं. जिथे तेही दिसत नाही, तिथे आता गॅलियम लावलेल्या एक्सेंडिन नावाच्या द्रव्याचा खास पेट स्कॅन काही मोठ्या केंद्रांत करतात. तो बीटा पेशींच्या गाठी उजळून दाखवतो.

आणखी दोन "दहातले नऊ" लक्षात ठेवा. दहातल्या साधारण नऊ गाठी एकट्याच असतात आणि दहातल्या साधारण नऊ कर्करोगाच्या नसतात. "ट्यूमर" शब्द ऐकून काकांनी देव पाण्यात ठेवले होते. हे ऐकून ते खुर्चीत बसले. काही थोड्या घरांत मात्र हा आजार वंशातून येतो. त्यात मानेतल्या पॅराथायरॉईड आणि मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथींनाही गाठी होतात. म्हणून तरुण वयात गाठ झाली, एकापेक्षा जास्त असल्या, किंवा घरात कुणाला कॅल्शियम वाढून वारंवार मुतखडे झाले असतील, तर जनुकांची तपासणी करतात.

थोडं इतिहासाचं सांगते, कारण ते मला फार आवडतं. इन्सुलिनचा शोध टोरांटोला १९२१ मध्ये लागला. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या सील हॅरिस या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट पाहिली. जास्त इन्सुलिन टोचल्यावर रुग्ण जसे घामेजतात आणि कापतात, तसेच इन्सुलिन न घेणारी काही माणसंही करतात. त्यांनी विचारलं, यांच्या अंगातच इन्सुलिन जास्त होत असेल का? १९२७ मध्ये मेयो क्लिनिकमधून असा पहिला रुग्ण नोंदला गेला. तो स्वतः एक शल्यचिकित्सक होता. विल्यम मेयो यांनी पोट उघडलं, पण गाठ यकृतापर्यंत पसरली होती, काढता आली नाही. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, टोरांटोलाच रोस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला. ज्या गावाने इन्सुलिन दिलं, त्याच गावाने त्याचा अतिरेक आवरायचा मार्गही दाखवला.

आजही खरा इलाज तोच आहे, गाठ काढणं. पण ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत दोन महिने होते आणि ते दिवस घराने कसे काढले, ते तुम्हा मुलांना सांगायचं आहे.

पहिलं, खाणं. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. नुसती साखर नाही, कारण ती झपकन चढते आणि लवकर उतरते. भाकरी, डाळ, दही, शेंगदाणे असं हळू पचणारं. झोपताना कच्च्या मक्याच्या पिठाचे, म्हणजे आपल्या कॉर्नफ्लोअरचे, मोजके चमचे गार पाण्यात कालवून. ते शिजवायचं नाही. कच्चा स्टार्च हळूहळू फुटतो आणि काही तास साखर पुरवतो. ही मात्रा आहारतज्ज्ञांनी ठरवून दिली होती, आपल्या मनाने घ्यायची नाही. आत्याने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. "खडू खाल्ल्यासारखं लागतं."

दुसरं, औषध. डायझॉक्साइड नावाची गोळी बीटा पेशींचं दार बंद ठेवते, इन्सुलिन बाहेर पडू देत नाही. बऱ्याच जणांना तिचा चांगला उपयोग होतो. पण पायावर सूज येते, म्हणून बरोबर लघवीची गोळी देतात, आणि अंगावर-चेहऱ्यावर केस वाढतात. आत्या आरशासमोर बसून म्हणाली, "या वयात मिशी आली. काकांना सांगा, आता बरोबरी झाली."

तिसरं, पहारा. रात्री दोनचा गजर. आतेभाऊ, वहिनी आणि कॉलेजात जाणारी माझी मुलगी, तिघांनी पाळ्या लावल्या. उठवायचं, बोट टोचायचं, दूध आणि अर्धी पोळी द्यायची. माझी मुलगी इंजिनिअरिंगची परीक्षा देत होती. ती म्हणाली, "आई, रात्री दोनला मी तशीही जागी असते, फक्त आता कामाला येते." तिने रोजचे आकडे एका वहीत लिहिले. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांनी ती वही मागून घेतली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली.

ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं. जिथे स्वादुपिंडाची ऑपरेशनं नेहमी होतात तिथेच करावं, हा सल्ला मी सगळ्यांना देते. हा अवयव मऊ लोण्यासारखा, शिवायला अवघड. गाठ वरवर असेल आणि मुख्य नलिकेपासून लांब असेल तर नुसती गाठ सोलून काढतात. खोल असेल किंवा नलिकेला चिकटलेली असेल तर स्वादुपिंडाचा तो भाग काढावा लागतो. आत्याची सोलून निघाली. ऑपरेशन चालू असतानाच सोनोग्राफीचं टोक थेट स्वादुपिंडावर ठेवून दुसरी गाठ नाही ना, तेही बघितलं.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. या ऑपरेशननंतर स्वादुपिंडाचा पाचक रस गळण्याचा त्रास पुष्कळांना होतो. आत्यालाही झाला. पोटात ठेवलेली नळी तीन आठवडे राहिली. आणि पहिले काही दिवस साखर उलट २०० च्या वर गेली. काका घाबरले, "म्हणजे आता हिलाही मधुमेह?" तसं नव्हतं. गाठीच्या दादागिरीखाली बाकीच्या बीटा पेशी वर्षानुवर्षं झोपल्या होत्या. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. दहा दिवसांत साखर जागेवर आली. मग मेंदूच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने फिटच्या गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. एकदम बंद करायच्या नसतात.

सगळ्यांना ऑपरेशन शक्य नसतं. कुणाचं हृदय अशक्त असतं, कुणाची गाठ पसरलेली असते. त्यांच्यासाठीही आज मार्ग आहेत. ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शनं इन्सुलिन रोखतात. मात्र ती सगळ्यांना लागू पडत नाहीत आणि काहींची साखर उलट आणखी उतरवतात, म्हणून पहिली मात्रा देखरेखीखाली देतात. पसरलेल्या गाठीत एव्हरोलिमस ही गोळी साखर वर ठेवायला मदत करते. ल्युटेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा उपचार गाठीच्या पेशींना शोधून मारतो. आणि लहान गाठ जठरातून सुई घालून उष्णतेने किंवा अल्कोहोलने जाळण्याची पद्धतही काही केंद्रांत सुरू झाली आहे.

आता तुमच्यासाठी, जे आईवडील आणि आजीआजोबांबरोबर राहता किंवा दूर राहून फोनवर चौकशी करता.

घरात कुणी अचानक भलतंच बोलू लागलं, घामेजलं, दारू न पिता झिंगल्यासारखं वागलं किंवा फिट आली, तर आधी साखर मोजा. मधुमेह असो वा नसो. यंत्र घरात असेल तर एक मिनिट लागतं. आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या, १५ मिनिटांनी परत मोजा, गरज वाटली तर परत द्या. बरं वाटल्यावर पोटभर काही खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका. ते फुफ्फुसात जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. कांदा, चप्पल, अंगारा यात वेळ घालवू नका.

तो आकडा, ती वेळ आणि शेवटचं खाणं किती वाजता झालं, हे लिहून ठेवा. जमलं तर मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रीकरण करा. ते हसण्यासाठी किंवा ग्रुपवर टाकण्यासाठी नाही, डॉक्टरांना दाखवण्यासाठी. घरच्या यंत्राचा खालचा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून प्रयोगशाळेतल्या रक्ताने खात्री करावीच लागते. आणि औषधांचे डबे वेगळे करा. काकांचा निळा, काकूंचा लाल. आजच करा.

एवढं वाचून प्रत्येक चक्कर म्हणजे गाठ असं मात्र समजू नका. उपाशीपोटी गरगरणं, कॉलेजात नाश्ता न करता जाणं आणि मग हातपाय कापणं, हे वेगळं. पण उपाशी असताना वारंवार डोकं गोंधळतं आणि खाल्ल्यावर जादूसारखं ठीक होतं, असं कुणाचं होत असेल, तर त्याला नाटकी म्हणण्याआधी एक थेंब रक्त बघा. मी चार वर्षं बघितलं नाही. माझ्याकडे पदवी होती, यंत्र समोर होतं, आणि माणूस माझ्या वडिलांची बहीण होती.

मी आत्याची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मलाच वाटत होतं मी वेडी होतेय. तुला कसं कळणार?" या वाक्याने मला जास्त बोचलं. चार वर्षं ती आपण वेड्या होतोय असं समजून, कुणाला न सांगता जगत होती.

यंदाच्या नवरात्रात घट बसले. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, तरी आत्याने उपास केला नाही. "देवीला माहीत आहे, मी तिच्यासाठी चौदा तासांचा खरा उपास केलाय," म्हणाली. आठव्या माळेला सकाळी मी मुद्दाम गेले. दार उघडंच होतं. नातू ओट्याजवळच्या स्टुलावर उभा होता आणि आत्या त्याला दुधात साखर घालायला शिकवत होती. वहिनी आत झोपली होती, गरब्यावरून उशिरा आलेली. घरात तिसरं मोठं माणूस कुणी नव्हतं. ते मी पाहिलं, आणि आत्याने मला पाहताना पाहिलं.

"चहा घेतलास का?" तिने विचारलं. या वेळी घेतला.

पुढच्या महिन्यात थायरॉईडबद्दल बोलू. तुमचे प्रश्न मंडळाच्या कार्यालयात नेहमीप्रमाणे पाठवा. तोवर जेवणं वेळेवर करा.